वनस्पतिज शर्करेपासून पायाभूत रसायने : चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूसंदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :
ज्या रसायनापासून इतर अनेक उपयुक्त रसायने तयार करता येतात, त्यास पायाभूत रसायन म्हणतात. बांबूतील झायलोज या शर्करेपासून मिळणारे फुरफुराल हे त्याचे ठळक उदाहरण होय. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने १९२२ मध्ये ओटच्या टरफलांपासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. आता घन आम्ल उत्प्रेरकावरून शर्करेचे द्रावण सतत वाहते ठेवणाऱ्या रिअ‍ॅक्टरचा पुरस्कार होत आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनातील एका उणिवेची चिकित्सा केली आहे.

चिकित्सा :
या पद्धतीचे गुण निर्विवाद आहेत. झायलोजच्या एका रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून जातात; म्हणून १०० ग्रॅम झायलोजपासून जास्तीत जास्त ६४ ग्रॅम फुरफुराल मिळू शकते. ते तप्त द्रावणात रेंगाळले तर त्याचे काळे, चिकट ह्युमिन बनते. अखंड प्रवाहात ते त्वरित बाहेर काढता येते.

परंतु अनेक प्रयोगांत बाटलीतील शुद्ध झायलोजच वापरले जाते आणि उताराही त्यावरच मोजला जातो. प्रत्यक्ष बांबूच्या अर्कात लिग्निनचे अंश व क्षार असतात. क्षारांतील पोटॅशियम उत्प्रेरकाची आम्लस्थाने निकामी करते, तर ह्युमिन त्याची छिद्रे बुजविते. शुद्ध शर्करेवर टिकलेला उत्प्रेरक येथे टिकेलच असे नाही.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने अनेक दशके या जंगलांतील बांबू वापरला. त्यावर ग्रामसभेची मालकी नव्हती. वनहक्क कायदा, २००६ नुसार मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला व २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. ग्रामसभा बांबू विकते, झायलोज नव्हे. एक टन बांबूपासून किती फुरफुराल मिळेल, हे कळल्याशिवाय ती रास्त भाव कशाच्या आधारे ठरविणार?

निष्कर्ष :
म्हणून उतारा कोरड्या बांबूच्या वजनावर मांडावा. उत्प्रेरक किती तास टिकला व किती वेळा पुनरुज्जीवित करावा लागला, हेही नोंदवावे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांनी मानवेल बांबूच्या घटकांचे विश्लेषण करून या कामाचा प्रारंभ करावा. महागड्या रिअ‍ॅक्टरवाचूनही हे काम होऊ शकते.