‘भिक्खूचा वारसा’ आणि सत्तेवरील श्रद्धा

भदन्त वल्पोल राहुल यांचे नाव मराठी बौद्ध अभ्यासकांस अपरिचित नाही. तथागताच्या शिकवणुकीवरील त्यांचा १९५९ चा इंग्रजी ग्रंथ सर्वश्रुत आहे. परंतु त्यापूर्वी, १९४६ मध्ये, त्यांनी सिंहली भाषेत लिहिलेल्या ‘भिक्षुवगे उरुमय’ या पुस्तकाची आपल्याकडे फारशी चर्चा झालेली नाही. १९७४ मध्ये त्याचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध झाले. ‘भिक्खूचा वारसा’ असा नावाचा अर्थ. भिक्खूने राजकारणात पडावे काय, या प्रश्नाला ‘होय’ असे निःसंदिग्ध उत्तर देणारा हा ग्रंथ आहे. या उत्तराची कसोटी पुढे दहाच वर्षांत श्रीलंकेच्या भूमीवर लागली. म्हणून ग्रंथाचे मूल्यमापन करताना १९५६ ची निवडणूक बाजूला ठेवता येत नाही.

राहुलांचा मूळ युक्तिवाद असा : बुद्धाने भिक्खूंना ‘बहुजनहिताय’ चारिका करण्यास सांगितले. लोकांच्या दारिद्र्याचा, आरोग्याचा, शिक्षणाचा विचार करणे हा संघाचा धर्मच होता. वसाहतवादी सत्तेने आणि मिशनरी शिक्षणाने भिक्खूला समाजजीवनातून उठवून परित्राणपाठ व अंत्यविधी यांपुरते उरवले. हे प्रतिपादन आम्हांस मान्य आहे, नव्हे प्रिय आहे. भिक्खू हा आदर्श पुरुष की समाजसेवक, हा प्रश्न बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात विचारला आणि धम्माची आशा समाजसेवक भिक्खूवरच ठेवली. येथवर दोघे विचारवंत एकाच वाटेने चालतात. वाट फुटते ती सत्तेच्या दाराशी.

एप्रिल १९५६ मध्ये एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांच्या आघाडीने ९५ पैकी ५१ जागा जिंकल्या आणि सत्ताधारी युनायटेड नॅशनल पार्टी ८ जागांवर आली. या विजयामागे ज्या पाच शक्तींचा उल्लेख होतो, त्या अशा : संघ, वैद्य, शिक्षक, शेतकरी, कामगार. त्यांत संघाचे नाव पहिले. ‘एकसत् भिक्खु पेरमुन’ या संघटनेचे भिक्खू गावोगाव फिरले, आणि बुद्धधम्माला योग्य स्थान व सिंहली ही एकमेव राजभाषा या मागण्या असलेला दहा कलमी कार्यक्रम त्यांनी नेत्यापुढे ठेवला. वर्ष २५०० व्या बुद्धजयंतीचे होते. उपासकांच्या मनात नव्या पंतप्रधानांविषयी जी भावना निर्माण झाली, ती केवळ राजकीय पसंती नव्हती. तिला श्रद्धेचा वर्ण होता. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हा उत्साह सर्व संघाचा नव्हता. प्रचारक भिक्खू प्रामुख्याने अमरपुर व रामञ्ञ निकायांचे होते. कँडीच्या सियाम निकायाचे महानायक अलिप्त राहिले. गोविगम जातीबाहेरच्यांना सियाम निकायात उपसंपदा नाकारली गेली, म्हणूनच तर अमरपुर निकायाचा जन्म झाला होता. संघातली ही जात तशीच ठेवून राष्ट्राच्या ऐक्याची भाषा बोलली गेली, हे आंबेडकरी वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

आता नेत्याकडे पाहू. बंडारनायके अँग्लिकन कुटुंबात जन्मले, ऑक्सफर्डला शिकले, पुढे बौद्ध झाले. त्यात आक्षेपार्ह काही नाही. आपणही जन्माने बौद्ध नव्हतो. परंतु १९२६ मध्ये संघराज्याचा पुरस्कार करणारे आणि १९५१ मध्ये स्थापन केलेल्या आपल्या पक्षाच्या कार्यक्रमात सिंहली व तमिळ या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान देऊ इच्छिणारे हेच गृहस्थ १९५५-५६ मध्ये ‘केवळ सिंहली’चे कैवारी झाले. हा बदल विचारांती की मतांसाठी, हे भिक्खूंनी त्यांना विचारावयास हवे होते. संयुत्तनिकायात जटिलसुत्त आहे. राजा प्रसेनजित रस्त्याने जाणाऱ्या तपस्व्यांना हात जोडून नाव सांगतो आणि हे अर्हत असावेत असे तथागतास म्हणतो. तथागत सांगतात, माणसाचे शील सहवासाने कळते, तेही दीर्घकाळाने आणि लक्षपूर्वक पाहणाऱ्यासच. प्रामाणिकपणा व्यवहारातून, धैर्य संकटात, प्रज्ञा संवादातून. राजा वरमून कबूल करतो की ते तपस्वी त्याचेच हेर आहेत. वेषावरून पारख करू नये, हा नियम राजालाही लागू आणि राजाची पारख करणाऱ्या भिक्खूलाही.

५ जून १९५६ रोजी भाषा विधेयकाविरुद्ध कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर सत्याग्रहास बसलेल्या तमिळ नेत्यांना जमावाने मारहाण केली. वैशाख पौर्णिमेच्या दीपोत्सवास तेव्हा पंधरवडाही उलटला नव्हता. २६ जुलै १९५७ रोजी बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी समझोता केला. त्यात प्रादेशिक परिषदा होत्या, तमिळ भाषेस मान्यता होती. नेत्याच्या हातून घडलेले हे सर्वांत धम्मानुसारी कृत्य, असे आमचे मत आहे. नेमक्या त्याच कृत्यावर त्याचे भिक्खू समर्थक उलटले. ९ एप्रिल १९५८ रोजी पंतप्रधानांच्या निवासस्थानी भिक्खूंनी धरणे धरले आणि समझोता रद्द केल्याचे लेखी घेऊनच ते उठले. पुढच्याच महिन्यात दंगली उसळल्या. २५ सप्टेंबर १९५९ रोजी त्याच घरी, भेटीस आलेल्या तल्दुवे सोमाराम या भिक्खूने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. या कटात, पेरमुनचे एक प्रमुख संघटक आणि केलनिय विहाराचे प्रमुख बुद्धरक्खित हे दोषी ठरले. खटल्यात पुढे आलेले हेतू धम्माचे नव्हते. व्यापारी कंत्राटांचे होते.

या रक्तपाताचे खापर राहुलांवर फोडणे अन्यायाचे होईल. ते त्या वर्षांत पॅरिसमध्ये संशोधन करीत होते. मात्र ग्रंथातील एक त्रुटी दाखविली पाहिजे. लोकसेवेचे समर्थन करता करता लेखक ‘लोक’ या शब्दाच्या जागी नकळत ‘सिंहली राष्ट्र’ बसवतात. दुट्ठगामणी राजाच्या तमिळ राजा एळाराविरुद्धच्या युद्धात भिक्खू सैन्याबरोबर गेले, ही महावंसातील कथा ते पूर्वपीठिका म्हणून देतात; धर्म व देश यांच्या मुक्तीसाठी केलेली हत्याही त्या काळी घोर पाप मानली गेली नाही, असे नोंदवतात, आणि त्यावर धम्माच्या बाजूने टीका करीत नाहीत. एळार न्यायी होता, हे महावंसही मान्य करतो! उलट १९५९ च्या ग्रंथात हेच लेखक बौद्ध दृष्टीने ‘न्याय्य युद्ध’ असे काही असूच शकत नाही, असे प्रतिपादतात. दोन ग्रंथ एका लेखणीचे, पण एकाचा न्यायाधीश दुसऱ्याच्या साक्षीदाराला उभे करणार नाही.

बाबासाहेबांनी हा धोका दोनदा सांगितला. १९४३ च्या पुण्यातील ‘रानडे, गांधी आणि जीना’ या व्याख्यानात त्यांनी थोरांविषयीचा आदर आणि विचारशक्ती गहाण टाकणारी विभूतिपूजा यांत भेद केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात ती अधोगतीकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते. बुद्धाच्या शासनात तर धर्मातही अशी भक्ती नाही. वीमंसकसुत्तात तथागत स्वतःलाच शिष्यांच्या परीक्षेसाठी पुढे करतात, आणि त्या परीक्षेतून आलेल्या श्रद्धेला ‘आकारवती’, म्हणजे कारणांवर उभी असलेली, म्हणतात. तथागताची परीक्षा ज्यांना विहित आहे, त्यांनी पंतप्रधानाची परीक्षा सोडून द्यावी, याला आधार कोणता?

राहुलांनी इतिहासापेक्षा विनयाकडे अधिक पाहिले असते, तर त्यांना एक वेगळे साधन सापडले असते. चुल्लवग्गात वड्ढ लिच्छवीची कथा आहे. संघाने त्याच्यापुरते भिक्षापात्र पालथे घातले, आणि त्याने चूक कबूल केल्यावर पुन्हा सरळ केले. हा नियम संघाचा अपराध करणाऱ्या उपासकासाठी आहे, हे खरे. पण त्यातून एवढे निश्चित होते की संघाचा आशीर्वाद परत घेता येतो, आणि तो परत घेण्यास शस्त्र लागत नाही, सत्तेतील वाटाही लागत नाही. १९९० मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये म्यानमारच्या भिक्खूंनी लष्करी राजवटीची भिक्षा नाकारून हे साधन वापरले. त्याच देशात पुढे काही भिक्खूंनी मुस्लिमद्वेषाचा प्रचार केला, हेही विसरता कामा नये. श्रीलंकेत मात्र जुनीच रीत चालू राहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाय राजपक्ष यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ अनुराधपुरात, दुट्ठगामणीशी निगडित रुवन्वेलिसाय स्तूपापाशी घेतली. जुलै २०२२ मध्ये जनतेच्या उठावापुढे ते देश सोडून गेले.