तंबुऱ्याशेजारी मँडोलिन

माझं माहेर धार, सासर देवास. दोन्ही पवारांची जुनी संस्थानं, त्यामुळे घरात मराठी आणि दाराबाहेर माळवी. कबीर मात्र दोन्हीकडे. १९४८ मध्ये कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले आणि इथलेच झाले. जोग्यांची निर्गुणी भजनं त्यांनी इथेच कानात साठवली. म्हणून आमच्याकडे ‘कबीर’ म्हटलं की आधी कुमारजी आठवतात. त्यानंतर नवं काही ऐकायला मन सहसा तयार नसतं.

तरी यंदा मला मुंबईच्या ‘नीरज आर्याज कबीर कॅफे’ने धरून ठेवलं. गिटार, मँडोलिन, व्हायोलिन, तालवाद्यं आणि कबीर! अमेरिकेत केंटकीच्या बिल मनरोने ‘ब्लूग्रास’ नावाचं संगीत घडवलं, त्यातही फिडल म्हणजे व्हायोलिन आणि मँडोलिन अशीच हातात हात घालून चालतात. पण ही तरुण मुलं परकी वाटत नाहीत, कारण त्यांच्या गाण्याचं मूळ आमच्या शेजारचं. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया यांना नीरज गुरू मानतो. टिपानिया शाळामास्तर होते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मंडळीत तंबुरा, करताल, ढोलक, मंजिऱ्या असतात आणि व्हायोलिनही! तेव्हा व्हायोलिन काही मुंबईने आणलेलं नाही, बरं का.

कुमारजींचा कबीर एकटा असतो. सूर थांबतो तिथेच खरं गाणं सुरू होतं, असं वाटतं. टिपानियांचा कबीर चौघांत बसतो. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. मध्येच गाणं थांबवून मास्तर अर्थ सांगणार, मग पुन्हा ढोलक. दिवसभर शेतात राबलेली माणसं रात्र-रात्र असं गातात. आवाज घासलेले असतात, पण शब्द कधी पुसट होत नाही.

कबीर कॅफेचा कबीर उभा राहून गातो, आणि ऐकणाऱ्यालाही उभं करतो. ‘हलके गाडी हाँको’ हे भजन मंडळीकडूनही ऐकावं आणि त्यांच्याकडूनही. देहाची गाडी जरा सावकाश हाक, असं गाडीवानाला सांगणारं हे गाणं. मंडळीत ते बैलगाडीच्या चालीने जातं. या मुलांच्या हाती आलं की पाय आपोआप ठेका धरतात. मौज वाटते, आणि तिथेच माझी तक्रारही आहे: सावकाश जा म्हणणाऱ्या गाण्यावर टाळ्यांची घाई झाली, तर गाडीत कोण बसलंय हे विचारायचं राहून जातं. मंडळी अर्थासाठी थांबते. तिकीट काढलेल्या सभागृहात थांबणं महाग पडतं.

तरीही मी या मुलांच्या बाजूने आहे. नीरजचा आवाज लाडीक नाही, त्याने माळवी शब्दांना शहरी इस्त्री केलेली नाही, आणि मँडोलिन ओळीवर चढून बसत नाही, तिच्या मागून चालतं. एवढी शिस्त पुष्कळ फ्यूजनवाल्यांना नसते. माझ्या भाचीच्या वयाची मुलं कुमारजींपासून सुरुवात करणार नाहीत, इथून करतील. करू देत. फक्त तिथेच थांबू नये. एखाद्या रात्री माळव्यातल्या गावात सतरंजीवर बसून मंडळी ऐकावी, पहाटेपर्यंत. गाडी हलके हाकणं म्हणजे काय, ते तिथे कळतं.