हत्ती कशासाठी मारला?

दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली, तेव्हा मी पुण्यात खोली करून राहत होतो. रोहण्याहून बाबांचा फोन यायचा, "काम चालू हाये ना रे?" मी सांगायचो, "सकाळी ९ पासून लॅपटॉपसमोरच बसलोय." शब्द न् शब्द खरा. बसलेलो असायचो नोकरी शोधत. पुढे नोकरी लागली, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून द्रोणपर्वातला तो प्रसंग नीट वाचला.

ठाम भूमिका न घेणाऱ्याला आपण सहज 'नरो वा कुंजरो वा' म्हणतो. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत युधिष्ठिर खरंच बोलतो. नेमका 'हत्ती' म्हणताना कृष्ण शंख फुंकतो. म्हणजे दोष शंखाचा! पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हा शंख नाही. 'हत्ती' हा शब्द युधिष्ठिर स्वतःच अस्पष्ट पुटपुटतो.

कृष्ण तर उघड खोटं बोलायला सांगतो. जीव वाचवायचे असतील तर खऱ्यापेक्षा खोटं बरं, असं त्याचं म्हणणं. पटो न पटो, तो खोट्याला खोटं म्हणतो. युधिष्ठिराला जय हवा आणि खरेपणाचा रेकॉर्डही. भीमाने मारलेला अश्वत्थामा नावाचा हत्ती इथे कामी येतो. सरळ खोटं बोलणाऱ्याला हत्तीची गरजच नसते.

द्रोणांनी भीमावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारलं, कारण हा त्रैलोक्याच्या राज्यासाठीही खोटं बोलणार नाही, ही खात्री. म्हणजे द्रोण फसले ते एका वाक्याने नाही, युधिष्ठिराच्या आयुष्यभराच्या खरेपणाने.

बैल विकणारा म्हणतो, "मारत नाही." औताला जुंपला की खाली बसतो, हे सांगत नाही. घेणाऱ्याने विचारलंच नाही ना! टॉड रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसतं. खऱ्या विधानांनी फसवणाऱ्याला आपण खोटारड्यापेक्षा बरे वाटतो. फसलेल्याला तो फरक फारसा जाणवत नाही.

चार बोटं वर चालणारा रथ जमिनीला टेकला, ही युधिष्ठिराची शिक्षा आपल्याला माहीत असते. मला खरी शिक्षा स्वर्गारोहणपर्वात दिसते. तिथे त्याला नरक दाखवतात, भावांचे आणि द्रौपदीचे आर्त आवाज ऐकवतात. नंतर कळतं, सगळा आभास होता. इंद्र कारण सांगतो: द्रोणाला जसं आडवळणाने फसवलंस, तसाच तुला नरक दाखवला. महाभारत त्या वाक्यातले शब्द तपासत बसत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय उभं केलं, तेवढंच मोजतं.

मागच्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. वर म्हणालो, "पण खोटं नव्हतो बोललो."

ते एवढंच म्हणाले, "मी तं इचारलं होतं."