'सामना' आणि निवडणुकीतील पैशाचे नियमन : सातारा-सांगलीच्या साखर कारखानदारीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

विजय तेंडुलकर यांचे लेखन, रामदास फुटाणे यांची निर्मिती व डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन असलेला 'सामना' हा चित्रपट १९७४ साली तयार झाला आणि १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील (निळू फुले) आणि गावात अचानक येऊन पडलेला व्यसनी मास्तर (डॉ. श्रीराम लागू) यांच्यातील नैतिक संघर्ष म्हणून तो सामान्यतः पाहिला जातो. संघटित हितसंबंध आणि सत्ता यांविषयीचे विधान म्हणून त्याचे वाचन केल्यास काय हाती लागते व काय निसटते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नियमनाची दोन प्रारूपे

योगायोगाने १९७४ हेच वर्ष निवडणूक-खर्चाच्या कायद्यातही निर्णायक ठरले. अमेरिकेत १९७१ च्या कायद्यात त्या वर्षी दुरुस्ती होऊन देणग्या व खर्च या दोहोंवर मर्यादा आल्या आणि संघीय निवडणूक आयोगाची तरतूद झाली. पुढे १९७६ च्या 'बकली' खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने देणग्यांवरील मर्यादा ग्राह्य धरली. खर्चावरील मर्यादा मात्र अभिव्यक्ती-स्वातंत्र्याच्या नावे रद्द केली. २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निर्णयाने कंपन्या व कामगार संघटनांच्या स्वतंत्र प्रचारखर्चालाही मोकळीक मिळाली.

भारतात याच्या उलट घडले. कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये असे ठरविले की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे. त्याच महिन्यात वटहुकूम काढून हा निर्णय निष्प्रभ करण्यात आला. २००३ च्या दुरुस्तीने ही सवलत मुख्यतः नेत्यांच्या प्रवासखर्चापुरती उरली. कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ मध्ये आलेली बंदी १९८५ मध्ये उठली. २०१८ पासून विक्रीस आलेले निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरले.

दोन्ही प्रारूपांत एक गृहीतक समान आहे. हितसंबंधी गट एकीकडे, उमेदवार दुसरीकडे, आणि त्यांच्यामधून वाहणारा पैसा कायद्याला मोजता येतो, हे ते गृहीतक होय.

चित्रपटाची अंतर्दृष्टी

'सामना'चे महत्त्व असे की, तो हे गृहीतकच मोडीत काढतो. हिंदुराव कोणाला देणगी देऊन कामे करून घेत नाही. गट, पैसा आणि सत्ता ही तिन्ही त्याच्या एका देहात एकवटली आहेत. मास्तरला तो आपले साम्राज्य हिंडून दाखवितो, तेव्हा त्या दर्शनात दाता व घेता असा भेदच उरत नाही. जेथे व्यवहाराला दोन टोके नाहीत, तेथे मर्यादा घालायची ती कशावर, हा प्रश्न चित्रपट न विचारताही प्रेक्षकासमोर उभा करतो.

सातारा-सांगलीचा इतिहास या निरीक्षणाला आधार देतो. कराडचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सहकाराला राज्याचे पाठबळ मिळाले आणि १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला. सांगलीच्या कारखान्याचे प्रवर्तक वसंतदादा पाटील पुढे मुख्यमंत्री झाले. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याची संचालक मंडळाची निवडणूक विधानसभेच्या तोडीने लढली जाते. राज्य शासन कारखान्याला भागभांडवल व कर्जहमी देते, आणि कारखान्याचे नेतृत्व त्याच शासनात जाऊन बसते. येथे हितसंबंधी गट शासनावर बाहेरून दबाव आणीत नाही. तो शासनाचा भाग असतो.

चित्रपटाची मर्यादा

तथापि, हिंदुरावाच्या सत्तेचे स्पष्टीकरण चित्रपट प्रामुख्याने दहशत, दारू आणि गुन्हा यांतून देतो. मारुती कांबळे या बेपत्ता माणसाविषयीचा मास्तरचा प्रश्न प्रभावी आहे खरा. पण तो खुनाचा प्रश्न आहे, हिशेबाचा नव्हे. वस्तुतः साखरपट्ट्यातील सत्तेला रोजच्या रोज खुनाची गरज पडत नाही. पक्व झालेला ऊस वेळेवर तुटला नाही, तर त्याचे वजन व उतारा दोन्ही घटतात. तोडीची पाळी, उसाचे बिल आणि त्यातून होणारी ठेवींची कपात यांवर सभासदाचे वर्ष अवलंबून असते. त्याच कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालय व दवाखानाही उभा असतो. म्हणजे सभासदाची निष्ठा भय आणि कृतज्ञता यांच्या मिश्रणातून घडते. निवडणूक आली म्हणून नवे संघटन उभारावे लागत नाही. गट कार्यालयातून प्रत्येक सभासद आधीच ओळखीचा असतो. विधानसभेच्या उमेदवारासाठी २०२२ पासून असलेली ४० लाख रुपयांची मर्यादा या साधनाचे मोल कसे करणार?

दुसरी मर्यादा मास्तरच्या पात्रात आहे. तो बाहेरचा आहे. त्याच्या नावावर ऊस नाही. त्यामुळे विरोध केवळ नैतिक पातळीवर राहतो आणि सभासद प्रेक्षक बनतो. याउलट, प्रतिसरकारच्या लढ्यातून आलेल्या नागनाथअण्णा नायकवडी यांनी वाळव्यात हुतात्मा किसन अहिर कारखाना उभा केला, तो याच व्यवस्थेच्या आत राहून. ऊसदराची आंदोलने करणाऱ्या शेतकरी संघटनांनीही कारखान्याकडे हिशेबच मागितला. चित्रपटाच्या विश्वात या शक्यतेला जागा नाही.

निष्कर्ष

'सामना' सत्तेच्या एकवटलेपणाचे अचूक निदान करतो. मात्र त्याचे मूळ व्यक्तीच्या दुष्टपणात शोधल्यामुळे उपाय व्यक्तीच्या पतनापाशी थांबतो. हिंदुराव गेला तरी तोडीची पाळी ठरविणारी खुर्ची राहतेच. म्हणून या प्रदेशात निवडणुकीतील पैशाच्या नियमनाचा विचार केवळ लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या चौकटीत करणे अपुरे आहे. लेखापरीक्षण, सभासदांची क्रियाशील यादी, वार्षिक सभेतील प्रश्नांची नोंद आणि सहकारी निवडणूक प्राधिकरणाची स्वायत्तता हे विषयही त्यात आले पाहिजेत. सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने या दिशेने टाकलेले पाऊल राज्यांतर्गत संस्थांपुरते सर्वोच्च न्यायालयात २०२१ मध्ये टिकले नाही. त्यामुळे ही जबाबदारी आता राज्याच्या कायद्यावर, म्हणजे त्याच नेतृत्वाचा वावर असलेल्या विधिमंडळावर येऊन पडते. मास्तरचा प्रश्न आज सभासदाने वार्षिक सभेत ताळेबंद हाती घेऊन विचारावयाचा आहे.