एक वाटी भात म्हणजे किती ग्रॅम? प्रबंधांतल्या एका तक्त्याचं परीक्षण

आहारावरचा एखादा प्रबंध हातात आला की मी आधी निष्कर्ष वाचत नाही, शेवटची परिशिष्टं उघडते. तिथे अनेकदा अर्ध्या पानाचा एक तक्ता असतो. १ वाटी भात = १५० ग्रॅम, १ वाटी वरण = १५० ग्रॅम, १ कप पोहे = अमुक ग्रॅम. तो कुठून आला हे लिहिलेलं नसतं. कुणी मोबाइलच्या ॲपमधून उचललेला असतो, कुणी आधीच्या प्रबंधातून. पुढची सगळी पानं, म्हणजे किलोकॅलरी, प्रथिनं, ‘पुरेसा आहार’ आणि ‘अपुरा आहार’, या अर्ध्या पानावर उभी असतात.

आज परीक्षण करायचंय ते याच तक्त्याचं. तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल आणि विषय आहार, कुपोषण, माता-बाल आरोग्य किंवा शालेय पोषण असा काही असेल, तर हा तक्ता तुमच्यासमोर येणारच. माझ्यासमोरही आला, आणि मी तो बिनदिक्कत वापरायला निघाले होते.

कोणती वाटी?

चामोर्शी तालुक्यातल्या एका गावात मी प्रश्नावलीची चाचणी घेत होते. प्रश्न साधा होता: काल रात्री किती वाट्या भात खाल्ला? समोरच्या मावशींनी मलाच विचारलं, “कोनत्या वाटीनं सांगू, बाई? भाताच्या का डारीच्या?” मग त्यांनी घरातल्या वाट्या आणून दाखवल्या. एकीसारखी दुसरी नव्हती. शिवाय भात वाटीनं कुणी घेतच नव्हतं. तो डावानं थेट ताटात वाढला जात होता. म्हणजे वाटी माझ्या प्रश्नावलीत होती, त्यांच्या जेवणात नव्हती.

ॲपमधला ‘कप’ तर आणखी लांबचा. अमेरिकेतला कप सुमारे २३७ मिलीचा. तिथल्याच पाकिटांवरच्या पोषण माहितीसाठी तो २४० मिली धरतात. ऑस्ट्रेलियात २५०, जपानमध्ये २००, आणि विजेच्या राइस कुकरसोबत मिळणारा कप १८० मिलीचा. आपल्याकडे कप म्हणजे चहाचा कप, आणि तो ज्या दुकानातून आणला त्या मापाचा. १८० आणि २५० यांत जवळपास ४० टक्क्यांचा फरक आहे. तक्त्यात नुसतं ‘१ कप’ लिहिलं असेल, तर पहिल्याच शब्दावर तो नापास होतो.

कप जागा मोजतो, ग्रॅम वजन मोजतो

ही शाळेतली गोष्ट आहे, पण प्रबंध लिहिताना आपण ती विसरतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकांप्रमाणे एका कपात कच्चा पांढरा लांब दाण्याचा तांदूळ १८५ ग्रॅम बसतो, साखर २०० ग्रॅम आणि मैदा १२५ ग्रॅम. पाणी भरलं तर सुमारे २३७ ग्रॅम. कप तोच, वजन दुपटीच्या जवळ जाईपर्यंत बदललं. त्यामुळे ‘१ कप = इतके ग्रॅम’ असा एकच आकडा कुठल्याही दोन पदार्थांना लागू होत नाही.

त्यात भरण्याची पद्धत आली. आपल्या जुन्या धान्यमापांत चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी दुप्पट-दुप्पट वाढत जाणारी मापं होती. ती सगळी जागेची मापं. म्हणूनच माप सपाट की शीग लावून, हे आधी ठरवावं लागायचं. खंडीचं वजन तर गावागणिक आणि धान्यागणिक बदलायचं. आपल्या आजोबांना जे तोंडपाठ होतं, म्हणजे माप सांगताना धान्य, जागा आणि शीग तिन्ही सांगायची, ते आपल्या परिशिष्टात मात्र नसतं.

सगळ्यात महागडी चूक: कच्चं की शिजलेलं?

भारतीय अन्नघटक कोष्टकं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली प्रसिद्ध केली. त्यांत ५२८ पदार्थ आहेत आणि आकडे १०० ग्रॅम खाण्यायोग्य भागाचे. तांदूळ तिथे कच्चा आहे: १०० ग्रॅमला १४९१ किलोजूल, म्हणजे सुमारे ३५६ किलोकॅलरी. (ऊर्जा किलोजूलमध्ये दिलीय हेही लक्षात ठेवा. तो आकडा किलोकॅलरी समजून घातला तर उत्तर चौपटीहून मोठं येतं.)

आता समजा, तुमच्या तक्त्यानं एक वाटी भात १५० ग्रॅम धरला. तुम्ही १५० ला ‘तांदूळ’ या ओळीशी गुणलं. उत्तर आलं सुमारे ५३४ किलोकॅलरी. पण भातात पाणी असतं. कच्च्या तांदळाचं वजन शिजून २.७ पट झालं असं धरू. मग त्या १५० ग्रॅम भातात तांदूळ जेमतेम ५६ ग्रॅम, आणि ऊर्जा सुमारे १९८ किलोकॅलरी. दिवसाला सहा वाट्या खाणाऱ्या बाईच्या नावावर तुम्ही ११८७ ऐवजी ३२०४ किलोकॅलरी लिहिल्या. जिला खायला कमी पडतंय ती तुमच्या प्रबंधात अतिपोषित झाली.

हीच चूक उलट्या बाजूनंही होते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० आणि ३० ग्रॅम, असं प्रमाण आहे. हे वजन कच्च्या धान्याचं आहे. ताटातली खिचडी मोजून ‘२५० ग्रॅम भरली, म्हणजे दुपटीनं मिळते’ असं कुणी लिहिलं तर ते चूक. आणि ‘१०० ग्रॅम भरली, म्हणजे नियमाप्रमाणे मिळते’ असं लिहिलं, तर ते मुलाच्या तोंडचा घास काढून घेणारं.

चूक कुठल्या बाजूला झुकते, ते बघा

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, थोडं इकडेतिकडे होणारच. नमुना मोठा घेतला की सरासरीत निघून जाईल. नाही निघणार. कुणी वाटी थोडी जास्त सांगितली, कुणी थोडी कमी, ही चूक नमुना वाढवल्यावर बोथट होते. पण गुणांकच चुकला असेल तर ती चूक प्रत्येक घरात एकाच दिशेनं होते. दहा घरं घ्या नाहीतर हजार, ती तेवढीच राहते. उलट हजार घरांनंतर तुमचा चुकीचा आकडा जास्त खात्रीचा दिसायला लागतो.

चामोर्शीसारख्या धानाच्या मुलखात ही दिशा नीट समजून घेतली पाहिजे. इथलं मुख्य अन्न भात. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येतं, मग नवा तांदूळ घरात येतो. नवा तांदूळ शिजून चिकट होतो, कमी फुगतो. तोच तांदूळ पावसाळ्यापर्यंत जुना होतो आणि जास्त फुगतो. ‘जुना तांदूळ पुरतो’ हे कुठल्याही घरात विचारा. म्हणजे आषाढात तेवढ्याच तांदळाच्या जास्त वाट्या भरतात. त्यातच घरात धान्य कमी असेल तर पेज आणि आंबील पातळ होते. वाटी तीच, आतलं पीठ कमी.

तुमचा तक्ता मात्र दिवाळीतही वाटीला तेवढेच ग्रॅम देतो आणि आषाढातही तेवढेच. परिणाम काय? ज्या महिन्यांत घरात अन्न कमी असतं, नेमक्या त्याच महिन्यांत तक्ता ते फुगवून दाखवतो. मग तुम्ही लिहिता, ‘ऋतूनुसार आहारात लक्षणीय फरक आढळला नाही.’ फरक होता. तो तक्त्यानं पुसला. या तक्त्यावरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे: तो फक्त ढोबळ नाही, तो भूक झाकतो.

घराघरांतही असंच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला एचएमटी बारीक दाण्याचा. दुसऱ्या घरात जाडा तांदूळ असेल, तिसऱ्यात उकडा. तिघांची वाटी सारखी भरत नाही, तिघांचा भात सारखा फुगत नाही. जाडा तांदूळ गरीब घरात जास्त असेल आणि गुणांक बारीक तांदळाचा असेल, तर गरीब-श्रीमंतांतला जो फरक तुम्हाला ‘सापडतो’, त्यातला काही भाग तांदळाच्या जातीचा असतो.

मग दुसरं काय वापरायचं?

गंमत म्हणजे उत्तर आपल्याकडे फार आधीपासून आहे. १९७२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण मंडळानं महाराष्ट्रासह अनेक राज्यांत २४ तासांच्या आठवणीवर आधारलेल्या आहार पाहण्या केल्या. त्यांच्याकडे ठरावीक मापाच्या पेल्यांचा संच असायचा. पण खरी हुशारी पेल्यांत नव्हती, हिशेबात होती. आधी विचारायचं, घरासाठी एकूण कच्चा तांदूळ किती घेतला. मग शिजलेला भात एकूण किती पेले झाला. मग त्या व्यक्तीनं त्यातले किती खाल्ले.

उदाहरण करून बघा. घरात ६०० ग्रॅम तांदूळ शिजवला. भात झाला २४०० मिली. सुनेनं खाल्ला ६०० मिली. म्हणजे तिच्या वाट्याला भाताचा चौथा हिस्सा, अर्थात १५० ग्रॅम तांदूळ. एवढंच. वाटीचे ग्रॅम करायचा तक्ता लागलाच नाही! तांदूळ जुना की नवा, जाडा की बारीक, पाणी जास्त की कमी, सगळं त्या घराच्याच भागाकारात आलं. प्रत्येक घर आपला गुणांक स्वतः देतं. पेज पातळ झाली तर पेले वाढतात आणि प्रत्येक पेल्यातलं धान्य आपोआप कमी होतं.

या पद्धतीचं कौतुक करताना तिच्या उणिवाही सांगायला हव्यात. ती आठवणीवर चालते. घरात एकाच भांड्यात रांधलेल्या अन्नाला ती उत्तम बसते, पण रानात जाता-येता खाल्लेली टेंभरं, मोहफुलं, शेजारच्या घरी खाल्लेला घास, लग्नातलं जेवण तिच्या भागाकारात बसत नाही. जंगलाच्या कडेच्या गावांत हा भाग छोटा नसतो. कच्चं धान्य कुणी वजनानं घेत नसेल, पायलीनं किंवा डब्यातल्या ग्लासानं घेत असेल, तर तिथे वजनकाटा तुम्हालाच न्यावा लागतो. आणि सून शेवटी जेवते, तिचं खाणं सासू सांगते, ही अडचण कुठलाही पेला सोडवत नाही. तिथे बसून त्या सुनेशीच बोलावं लागतं.

तुमच्या प्रबंधासाठी

घरी वापरायचा छोटा काटा फार महाग नसतो. तो घ्या आणि गावात जाण्याआधी नाही, गावात गेल्यावर वापरा. वाटी सांगितली की ती वाटी मागा, पाण्यानं भरा, पाणी मोजा: ती किती मिलीची हे कळलं. तांदूळ ज्या ग्लासानं घेतात तो ग्लास त्याच घरातल्या तांदळानं, त्याच बाईच्या हातून तीनदा भरून घ्या आणि तीनही वजनं लिहा. तुम्ही भरू नका, तुमचा हात वेगळा. सपाट की शीग, ते नोंदवा. काम ऋतूंवर असेल तर दुसऱ्या फेरीला हे सगळं पुन्हा करा.

लोकांना ग्रॅममध्ये उत्तर द्यायला लावू नका. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं बाळाचे श्वास मोजायला मण्यांचं साधन केलं, मोठे आकडे न येणाऱ्यांनाही न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून. त्यामागचा विचार आपल्यालाही लागू आहे. समोरच्या माणसाला जे सहज करता येतं ते त्याच्याकडे, हिशेबाची कटकट आपल्याकडे. मावशींनी डाव सांगितले तर डाव लिहा.

शेवटी, एकाच गुणांकावर विसंबू नका. तुमच्या मोजमापांतला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त गुणांक घेऊन पूर्ण विश्लेषण दोनदा चालवा. निष्कर्ष दोन्ही वेळा टिकला तर निर्धास्त लिहा. उलटला, तर तेही लिहा. ते अपयश नाही. किती खात्रीनं बोलता येतं, हे सांगणं हासुद्धा निष्कर्षच आहे.

मी माझा उसना तक्ता काढून टाकला. त्याच्या जागी आता परिशिष्टात घरांच्या वजनांची कंटाळवाणी यादी आहे, वाट्यांच्या मिलीसकट. ती वाचायला कुणालाही मजा येणार नाही. पण तोंडी परीक्षेत कुणी विचारलं, ‘ही वाटी कोणाची?’, तर मला सांगता येईल. तुम्हालाही सांगता आलं पाहिजे.