फादर स्टीफन्स यांची ओवी आणि आपली मुले

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, तेव्हा मराठी त्यांना सर्वस्वी परकी होती. १६१६ साली त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापले गेले. या यशाचे श्रेय आपण त्यांच्या भक्तीला व कष्टांना देतो. ते योग्यच, परंतु एक कारण नजरेआड होते. इंग्रजीत वाढलेल्या, लॅटिनमध्ये मुरलेल्या या धर्मगुरूंना भाषा कशी घडते, याची जाण आधीपासूनच होती. येथील भाषांची रचना ग्रीक-लॅटिनशी जुळते, असे त्यांनी १५८३ सालच्या पत्रात भावाला कळविले होते.

तथापि पुराणातील ओवी लॅटिनमधून आलेली नाही. स्वर्गासाठी योजलेला 'वैकुंठ' हा शब्दही नाही. ते धन मराठीच्याच श्रवण-वाचनातून मिळवावे लागले. पहिली भाषा जाण देते. साचा मात्र नव्या भाषेकडूनच घ्यावा लागतो.

जिम कमिन्स या अभ्यासकांनी १९७९ साली हाच संबंध सिद्धांतरूपाने मांडला: पहिल्या भाषेतील वाचन-विचाराची कुवत दुसरीत उतरते, मात्र दुसरीचा पुरेसा सहवास व ओढ हवी.

आज आपल्या अनेक घरांतून इंग्रजीसाठी मराठीला रजा दिली जाते. ज्या मुलाला घरच्या भाषेत एखादी गोष्ट सलग सांगता येत नाही, ते इंग्रजीकडे कोणते भांडवल घेऊन जाणार? 'ख्रिस्तपुराणा'चा अभिमान बाळगणाऱ्या कुटुंबांनी त्यातील दहा ओव्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात व अर्थ त्यांच्याच शब्दांत सांगावयास लावावा. तो इंग्रजीच्या अभ्यासाचाही भाग ठरेल.