मनोऱ्यांचा रंग आणि पावसाची सही

दहिसर सोडून लोकल मीरा रोडकडे निघाली की खाजणापलीकडे मनोऱ्यांची रांग दिसू लागते. अंग पांढरं, बाजू राखाडी आणि मधून वरपासून खालपर्यंत गेलेला तपकिरी पट्टा. काशीमिऱ्याचा मनोरा कोणता आणि कनकियाचा कोणता, हे रंगावरून ओळखता येणार नाही. नव्या इमारतींच्या रंगाबद्दलची माझी पहिली तक्रार हीच आहे. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे: हे रंग संगणकावरच्या चित्रासाठी निवडलेले असतात, कोकणपट्टीच्या पावसासाठी नाही.

१९८५ साली नगरपालिका आणि २००२ साली महानगरपालिका झालेलं हे मीरा-भाईंदर शहर आधी वाढलं ते शांतीनगरसारख्या चार-चार मजली वसाहतींनी. फिकट पिवळा, गुलाबी, मळकट क्रीम असे त्यांचे रंग. त्यांत फार रसिकता होती असं नाही, पण त्या इमारती रस्त्यावरून, जवळून बघायच्या होत्या आणि झाडांच्या उंचीत होत्या. पंचवीस मजल्यांचा मनोरा दोन किलोमीटरवरूनही दिसतो. तिथे रंगाचं काम बदलतं. शेड कार्डावरचा बोटभर तुकडा एवढ्या मोठ्या भिंतीवर, उघड्या उन्हात, जास्त उजळ आणि जास्त भडक दिसतो. कार्डावर सौम्य वाटलेली पीच छटा प्रत्यक्षात मिठाईच्या डब्यासारखी का दिसते, याचं उत्तर यात आहे.

उभ्या पट्ट्यांचं गणित बिल्डर लोकांना चांगलं ठाऊक आहे. उभा गडद पट्टा इमारत सडपातळ दाखवतो आणि डक्ट, पाइप, ड्राय बाल्कनीची खिडकी यांची गर्दी लपवतो. एलिव्हेशनमध्ये जे आकाराने साधलं नाही, ते रंगाने साधायचं. पण गडद भिंत जास्त तापते, प्लास्टर जास्त प्रसरण पावतं, बारीक भेगा पडतात आणि पुढच्या आषाढात त्यांतून पाणी आत शिरतं. पांढऱ्या भिंतीचं दुखणं वेगळं. ती कमी तापते, हे तिच्या बाजूने खरंच; पण खिडकीखालच्या कट्ट्याला पाणी तोडणारी खाच नसेल, तर धूळ घेऊन ओघळणारं पाणी तिच्यावर काळे अश्रू काढतं. उत्तरेची भिंत उशिरा वाळते, तिथे शेवाळ धरतं. नैऋत्येची बाजू पावसाचा थेट मार खाते. चारही बाजूंना एकच रंग देणाऱ्याने हा फरक विचारात घेतलेलाच नसतो.

रंगद्रव्यांचंही तेच. गेरू, पिवळी माती, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे रंग, उन्हात टिकतात. चमकदार लाल-पिवळ्या सेंद्रिय छटा बऱ्याचदा लवकर विटतात. उत्तनच्या कोळीवाड्यातली निळी-हिरवी घरं देखणी दिसतात, कारण ती एक-दोन मजली आहेत. शिडी लावली की हात फिरवता येतो. विसाव्या मजल्यावर झुला टांगावा लागतो, सर्वसाधारण सभेत वर्गणीवरून भांडावं लागतं. त्यामुळे मनोऱ्याचा विटलेला रंग वर्षानुवर्षं तसाच राहतो.

रंग वापरूच नये, असं मात्र मुळीच नाही. फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या १९५२ सालच्या निवासी इमारतीत वास्तुविशारद ल कॉर्बुझिएने दर्शनी काँक्रीट उघडं ठेवलं आणि लाल, पिवळे, निळे रंग खोल बाल्कन्यांच्या आतल्या बाजूंना दिले. समोरून बघताना ते सावलीत असतात, तिरकं बघितलं की उजळतात. मुंबईत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या ‘कांचनजंगा’ इमारतीने तर १९८३ सालीच दाखवलं, की खोल कोरलेल्या गच्च्या ऊन-पाऊस अडवतात आणि त्यांची सावली इमारतीला चेहरा देते. आपल्याकडे छज्जा आधी कापतात आणि मग सावलीच्या जागी राखाडी पट्टा रंगवतात. ही नक्कल आहे आणि ती स्वस्तही पडत नाही.

सोसायटीच्या सभासदांना एकच विनंती. रंगाचा ठराव मंजूर करण्याआधी शेड कार्ड बाजूला ठेवा. सप्टेंबरअखेर, पाऊस ओसरल्यावर, त्याच रंगाची चार-पाच वर्षं जुनी इमारत शोधा आणि तिची उत्तरेची व नैऋत्येची भिंत बघून या. मग कंत्राटदाराला आधी खिडक्यांच्या कट्ट्यांचं आणि भेगांचं काम करायला लावा आणि भिंतीवर पुरुषभर उंचीचा नमुना रंगवून घ्या.